नसलेल्या पिशवीतले खडे

हॉलच्या दारापासून कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापर्यंत रांग लागली होती, आणि रांगेतल्या बहुतेकांच्या हातात काचेची बरणी होती. बरणीत पाणी आणि पाण्यावर तरंगणारे हिरवे गोळे. काही वाटाण्याएवढे, काही चांगले गोटीएवढे. लोक एकमेकांच्या बरण्यांत डोकावत होते. "तुमचे बरेच मोठे निघाले हो!" "अहो, किती वर्षांचं साचलेलं!" लहान गोळेवाल्यांचे चेहरे पडलेले, मोठे गोळेवाले ताठ मानेनं उभे. स्वतःच्या शौचातून चाळणीनं गाळून काढलेली वस्तू माणसं इतक्या अभिमानानं मिरवताना मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते.

आत स्टेजवर खडेबाबा बसले होते. पांढरेशुभ्र कपडे, हातात चिमटा, मागे काचेचं कपाट आणि कपाटात दिव्यांच्या उजेडात झळकणाऱ्या शेकडो बरण्या. एकेक जण पुढे जायचा, बाबा त्याच्या बरणीतला गोळा चिमट्यानं उचलून दिव्यासमोर धरायचे.

"हा बघा, गडद हिरवा. हा गिळलेला राग. कुणावरचा, बाई?"

"सासूबाईंवरचा," बाई लाजत म्हणाली.

"सासू गेली, खडा राहिला होता. आज तोही गेला!"

हॉल हसला, टाळ्या पडल्या. पुढच्या माणसाचा गोळा फिकट निघाला. बाबांनी डोळे मिटले. "हे न रडलेलं रडू आहे. पुरुष रडत नाहीत ना, मग ते पित्ताशयात जाऊन गोठतं." तो धिप्पाड माणूस तिथंच रडायला लागला. मग बाबा सगळ्या हॉलकडे वळले. "डॉक्टर काय करतात? पोट उघडून पिशवीच फेकून देतात. अरे, घरात उंदीर झाला म्हणून कुणी घर पाडतं का?"

"नाही!" हॉल ओरडला. माझ्या शेजारी बसलेला माझा सख्खा थोरला भाऊही ओरडला.

दादाच्या पलीकडे वहिनी होती. तिची बरणी मांडीवर, रुमालानं झाकलेली. त्या दोघांची बाजारात लाँड्री आहे. मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून दोघंही मला मास्तरीणबाई म्हणतात, आणि माझं ऐकायचं नसलं की जरा जास्तच आदरानं म्हणतात. मी तिथं गेले होते ती वहिनीला उठवून परत न्यायला. कारण तिच्या ऑपरेशनची तारीख दादानं फोन करून रद्द केली होती.

दोन वर्षांपासून वहिनीच्या पोटात, बरगड्यांच्या खाली कळ यायची, पार पाठीपर्यंत जायची, दोन-तीन दिवस छळायची आणि आपोआप थांबायची. सोनोग्राफीत एकही खडा दिसेना. शेवटी सर्जनबाईंनी एमआरआय करायला लावला आणि कारण सापडलं. त्या दिवशी मी वहिनीच्या सोबत होते. सर्जनबाईंनी कागदावर दोन रेघा काढून दाखवल्या.

"ही पित्ताची नळी आणि ही स्वादुपिंडाची. दोन्ही आतड्याच्या तोंडाशी येऊन मिळतात आणि तिथं एक झडप असते. यांच्या नळ्या झडपेच्या बऱ्याच आधी मिळाल्यात. जन्मापासूनच, जन्मजात दोष म्हणतात याला. त्यामुळे झडपेचा ताबा राहत नाही आणि स्वादुपिंडाचा रस उलटा पित्ताच्या पिशवीत चढतो. तो रस अन्न पचवणारा आहे, पिशवीत राहण्याचा नव्हे. वर्षानुवर्षं तो तिच्या अस्तराला चावत बसतो."

"मग?" वहिनीनं विचारलं.

"मग अस्तर जाड होतं, त्यातल्या पेशी बदलू शकतात. अशा लोकांत पिशवीच्या कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो. होईलच असं नाही, आणि आज तुमच्यात कॅन्सर दिसत नाही. पण अस्तर जाड झालंय, तेव्हा वाट बघण्यात शहाणपण नाही. पिशवी काढून टाकू."

परतताना बसमध्ये वहिनीनं अहवालाचा कागद उलटसुलट करून बघितला. मग म्हणाली, "जन्मापासून म्हणजे माझ्या आईचं काही चुकलं असेल का गं? आणि माझ्या पोरीच्या पोटातही तसंच असेल?" मी सांगितलं की कुणाचंच काही चुकलेलं नाही आणि पोरीचं सर्जनबाईंना विचारू. तिनं मान डोलावली. पण 'जन्मजात दोष' हे दोन शब्द तिच्या मनात काट्यासारखे रुतले होते, आणि ते मला तेव्हा दिसले नाहीत.

ते दिसले खडेबाबांना. लाँड्रीशेजारचे शिंपीकाका वहिनीला आणि दादाला त्यांच्याकडे घेऊन गेले. आदल्या संध्याकाळी जुलाबाच्या कडू मिठाचं पाणी प्यायचं, रात्री बाबांनी मंतरलेली तेल-लिंबाची मोठी बाटली रिकामी करायची, उजव्या कुशीवर पडून राहायचं आणि सकाळी चाळणी घेऊन बसायचं. वहिनीचे बरणीभर गोळे निघाले. कळही थांबली. ती एरवीही थांबायचीच, पण कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली.

"मशीनला एक खडा दिसला नाही," दादा बरणी माझ्या नाकासमोर नाचवत म्हणाला, "आणि बाबांनी बरणीभर काढले. आता आंधळं कोण, तूच सांग मास्तरीणबाई."

"अरे दादा, खडे नव्हतेच म्हणून दिसले नाहीत!"

"नव्हते? मग हे काय माझ्या डोळ्यांदेखत आभाळातून पडले? हे बघ, आपल्या धंद्यात काय असतं? काळं पाणी निघालं की कपडा स्वच्छ. गिऱ्हाइकाला पाणी दाखवायचं, विषय संपला. घाण बाहेर आलेली मी या डोळ्यांनी बघितली."

आमच्या घराण्याचं सगळं तत्त्वज्ञान हे असं टबातल्या काळ्या पाण्यात आहे. वडीलही तेच म्हणायचे. मी म्हटलं, "इथं मळाचा प्रश्नच नाही. कापडाची वीणच चुकलीय. विणीतली चूक धुतल्यानं जाते का कधी?"

"तसा कपडा आम्ही परत पाठवतो," दादा म्हणाला. "बायको कुणाकडे परत पाठवू?"

तो स्वतःच्याच विनोदावर हसला. मला त्याच्या डोक्यात बरणी घालावीशी वाटत होती.

वहिनीचं कारण वेगळं होतं, ते तिनं मला नंतर सांगितलं. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला होता आणि म्हणाले होते, "देव चुकीची नळी घालत नाही, पोरी. तुझ्या आईनं धडधाकट लेकरूच जन्माला घातलं होतं. घाण नंतर जगानं भरली." ती तिथंच ओक्साबोक्शी रडली. मळ धुता येतो, त्यात लाजण्यासारखं काही नसतं. जन्माचा दोष मात्र तिला स्वतःचा, आईचा आणि लेकीचा असा तिघींचा वाटत होता. त्या एका वाक्यानं त्या माणसानं तिला सोडवलं होतं आणि मी एमआरआयचा अहवाल घेऊन तिला परत बांधायला निघाले होते. माझं कोण ऐकणार?

त्या दिवशी हॉलमध्ये बाबांनी वहिनीची बरणी उचलून पाहिली आणि "अजून निम्मे आत आहेत" असा निकाल दिला. मी तिला उठवायला गेले तर दादानं माझा हात धरून मला खाली बसवलं. दुसरी बाटली झाली. तिसरी झाली. ऑपरेशनची तारीख उलटून महिने गेले.

मग कळ आली ती आधीपेक्षा जोरात. मी लाँड्रीत गेले तेव्हा वहिनी कपड्यांच्या गाठोड्यांवर अंगाचं मुटकुळं करून पडली होती, ओठ पांढरे पडले होते आणि दादा तिच्या पाठीला शेक देत होता.

"खडे हलतायत," तो म्हणाला. "बाबांनी आधीच सांगितलं होतं."

थांबली की बाबांचा गुण, वाढली की खडे हलतायत. मी सर्जनबाईंना फोन लावला आणि तो वहिनीच्या कानाशी धरला. त्यांनी ताबडतोब बोलावलं. दादा म्हणाला, उद्या बघू. वहिनी म्हणाली, उद्या बघू. तिसऱ्या दिवशी कळ थांबली आणि पुन्हा बाबांचा जयजयकार सुरू झाला. पालथ्या घड्यावर पाणी ओतून ओतून माझे हात दुखायला लागले होते.

रागाच्या भरात घरी येऊन भांडी आपटत होते, तेव्हा डोक्यात आलं. माझीही पित्ताची पिशवी काढलेली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी, खऱ्याखुऱ्या खड्यांपायी. दवाखान्यातून मला घरी आणणारा माणूस म्हणजे हाच आमचा दादा. मी तशीच त्याला फोन केला. "दादा, माझ्याही पोटात जड जड वाटतंय. मला एक बाटली आणून दे."

"आलीस ना ताळ्यावर!" दादाला इतका आनंद झाला की तासाभरात तो स्वतः बाटली घेऊन दारात हजर झाला. माझ्या ऑपरेशनची त्याला आठवणही झाली नाही.

ती बाटली नाक दाबून मी कशी रिचवली आणि सकाळी चाळणीशी माझी काय अवस्था झाली, ते सांगत नाही, वाचणाऱ्यांतलं कुणी जेवायला बसलेलं असेल. गोळे निघाले. हिरवेगार, गुळगुळीत, आणि वहिनीपेक्षा जास्त. मी ते बरणीत भरले. शाळेच्या प्रयोगशाळेत मुलांना दाखवायला माझा खरा खडा एका डबीत ठेवला आहे, तोही पर्समध्ये टाकला आणि दादा-वहिनीला घेऊन हॉलवर गेले.

माझी पाळी आली. बाबांनी गोळा दिव्यासमोर धरला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अहाहा! बाई, हा विद्येचा गर्व. डोक्यातून उतरतो आणि पित्ताशयात साचतो."

"नक्की पित्ताशयातलाच ना, बाबा?"

"दुसरीकडून कुठून येणार?"

"आतड्यात तयार झाला असेल."

"तीस वर्षं हे काम करतोय, बाई. पित्ताशयाच्या भिंतीवरून सुटलेला खडा मी अंधारात ओळखेन. अजून पुष्कळ आहेत तुमच्यात."

"सगळ्यांनी ऐकलं ना?" मी हॉलकडे वळले. "माझ्या पोटात पित्ताशय नाही! ते सर्जननं काढून टाकलंय. दवाखान्यातून मला घरी घेऊन येणारा माझा भाऊ तो तिथं बसलाय, विचारा त्याला. दादा, उभा राहा!"

दादा उभा राहिला. त्याच्या तोंडाचा आ झाला होता. "खरंय," तो पुटपुटला. "काढलंय हिचं."

हॉलमध्ये कुजबुज झाली. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. एक म्हातारे गृहस्थ आपल्या बरणीकडे एकदा बघून ती खुर्चीखाली ठेवून सरळ बाहेर चालते झाले. मला वाटलं, संपलं, जिंकले. पण खडेबाबा तीस वर्षं हे काम करत होते.

"सर्जननं काय कापलं?" ते शांतपणे म्हणाले. "स्थूल पिशवी. सूक्ष्म पिशवी कोण कापणार? ज्याचा पाय कापलाय त्याच्याही तळव्याला खाज सुटते की नाही?"

"सुटते! सुटते!" पुढच्या रांगेतून आवाज आला.

"आणि बघा, सूक्ष्म पिशवीतलेसुद्धा खडे आपली बाटली काढते! बाई, तुम्ही आज मोठी सेवा केलीत."

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. माझ्याच पुराव्यावर त्यानं स्वतःची जाहिरात करून घेतली होती. माझे कान गरम झाले, डोळ्यांत पाणी आलं आणि पर्समधली डबी पर्समध्येच राहिली. इतका हताश राग मला क्वचित आला असेल. ही माणसं मूर्ख नव्हती. त्यांत बँकेतले होते, मास्तर होते, कुणाचे तरी आईवडील होते, आणि सगळे टाळ्या पिटत होते.

वहिनीनं मात्र टाळी वाजवली नव्हती. ती एकदा माझ्या बरणीकडे आणि एकदा स्वतःच्या बरणीकडे बघत होती. "चला," ती दादाला म्हणाली. "दुकानात चला."

लाँड्रीतल्या डागांच्या टेबलावर वहिनीचं राज्य चालतं. चहा, शाई, गंज, रक्त, काहीही असो, ती डागावर बोट फिरवून तो कशाचा ते सांगते आणि कधी चुकत नाही. तिनं दिवा लावला, दोन टीपकागद पसरले. एकावर तिच्या बरणीतला गोळा ठेवला, दुसऱ्यावर माझ्या. इस्त्री रेशमाच्या आचेवर, म्हणजे सगळ्यात मंद ठेवली आणि आधी एकावर, मग दुसऱ्यावर अलगद टेकवली. इस्त्री उचलली तेव्हा दोन्ही कागदांवर गोळा नव्हता. नुसता गोल, हिरवट, आरपार दिसणारा डाग होता.

वहिनीनं दोन्हींवर बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं.

"तेल," ती म्हणाली. "दोन्हीकडे एकच."

"अगं, उष्णतेनं खडाही वितळत असेल," दादा म्हणाला. पण त्याच्या आवाजात दम नव्हता.

मी पर्समधून डबी काढली. "हा माझा खरा खडा. सर्जननं काढलेला. लाव इस्त्री."

वहिनीनं त्याच मंद आचेची इस्त्री लावली, दाबून धरली. खडा कर्रकन चिरडला. कागदावर पिवळट-तपकिरी चुरा पडला. तो वितळला नाही, चोपडा डागही उमटला नाही.

दादा स्टुलावर बसला. "मग आमच्या बरणीत काय होतं?"

"साबण," मी म्हटलं.

"काय?"

"साबणासारखाच गोळा. रिकाम्या पोटात बाटलीभर तेल ओतलं की स्वादुपिंडाचा रस त्या तेलाचं विघटन करतो. त्यातून निघालेली आम्लं लिंबातल्या आणि मिठातल्या क्षारांशी मिळतात आणि साबण तयार होतो. एवढं तेल पचत नाही, मग त्याचे गोळे वळतात आणि त्यांवर पित्ताचा हिरवा रंग चढतो. बाटली कुणीही घेऊ दे, खडे असू दे नाहीतर नसू दे, गोळे निघणारच. बाटलीतूनच आलेली वस्तू तुम्ही चाळणीत पकडलीत."

दिवसभर साबणात हात असलेली माणसं, आणि साबण ओळखला नाही! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. पण मी ते बोलले नाही, कारण वहिनीचा चेहरा बदलला होता.

"तेलाचं विघटन कोण करतं म्हणालीस?"

"स्वादुपिंडाचा रस."

"म्हणजे माझ्या पिशवीत उलटा चढतो तोच?"

"तोच."

तिनं कागदावरच्या डागाकडे बघितलं. "बाटलीभर तेलाचं एका रात्रीत हे होतं," ती हळूच म्हणाली, "तर तो रस माझ्या पिशवीत इतकी वर्षं काय करत असेल?"

दादानं इस्त्री बंद केली. बाहेर एक गिऱ्हाईक येऊन हाका मारत होतं, त्याला कुणी ओ दिली नाही.

"आईचं काही चुकलं नव्हतं ना?" वहिनीनं पुन्हा विचारलं.

"नाही गं. पोटात नळ्या घडताना एखादी भलतीकडे जुळते. कुणी केलेलं नसतं ते. आणि पोरीचं मी सर्जनबाईंना विचारलंय. सहसा आईकडून लेकीत येत नाही हे. तिला काही त्रास झालाच तर तपासून घेऊ."

"मग लाजायचं कशाला?"

"तेच मी सांगतेय, वहिनी!"

तिनं हात पुसले आणि फोन उचलला. सर्जनबाईंचा नंबर तिनंच लावला.

ऑपरेशन नीट झालं. तपासणीचा अहवाल आला तेव्हा सर्जनबाईंनी आम्हा तिघांना बसवून सांगितलं, "कॅन्सर नाही. पण अस्तर बरंच जाड होतं आणि एका जागी पेशी बदलायला लागल्या होत्या. ती पिशवी आता बाहेर आहे. नळ्यांची जुळणी तशीच राहणार, म्हणून दरवर्षी तपासणीला यायचं, चुकवायचं नाही."

"आणि खडे?" दादानं विचारलं.

"एकही नाही."

दोन दिवसांनी शिंपीकाका घरी वहिनीला बघायला आले. सगळं ऐकून घेतलं आणि मांडीवर थाप मारली. "एकही खडा नाही? बघा! म्हणजे बाबांनी आधीच सगळे साफ केले होते!"

मी कपाळावर हात मारला. बोलायला तोंड उघडलं, पण वहिनीनं पलंगावरून हातानं मला थांबवलं.

"काका, मास्तरीणबाईच्या पोटात पिशवीच नाही. मग तिचे कुठून निघाले?"

"ते सूक्ष्म..."

"बरं, सूक्ष्म. तुमची तब्येत कशी आहे?"

"ठणठणीत."

"आज तुम्ही ती बाटली घेतलीत आणि उद्या गोळे निघाले, तर काय समजायचं?"

"मलाही खडे होते, असं." काका जरा अडखळले. "आणि नाही निघाले तर नव्हते."

"म्हणजे निघाले तरी बाबा खरे, नाही निघाले तरी बाबा खरे. कळ थांबली तरी खरे, वाढली तरी खरे." वहिनीनं टाक्यांवर हात दाबून धरला होता. "मग ते खोटे कधी ठरतील, तेवढं सांगा, काका."

शिंपीकाकांनी टोपी उचलून डोक्यावर घातली. मग चहा न घेताच उठले.

खडेबाबांनी हॉल सोडला तो या सगळ्यामुळे नव्हे. दुसऱ्या गावात मोठा हॉल मिळाला म्हणून सोडला. तिथंही आता रांग असेल, बरण्या असतील. म्हणून हे लिहिते आहे. असा चमत्कार समोर आला तर टाळी वाजवण्याआधी वहिनीचा प्रश्न विचारा. ज्याला आजार नाही त्याला हेच औषध दिलं तर काय निघेल? हे खोटं कधी ठरेल? ज्याच्याकडे याचं उत्तर नाही, त्याच्या हाती आपलं पोट देऊ नका. आणि डॉक्टरांनी तारीख दिली असेल तर शंका विचारा, दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घ्या, पण बरणीकडे बघून ती तारीख रद्द करू नका.

मी सर्जनबाईंना एकदा एकटीनं गाठून विचारलं होतं, की त्या एका जागच्या पेशी बदलल्या त्या आधीच, की आम्ही बाटल्या पीत बसलो त्या महिन्यांत? त्या म्हणाल्या, ते कुणालाच सांगता येणार नाही. वहिनी म्हणते, जाऊ दे, वाचले ना मी. ती वाचली, आणि तरी माझा राग अजून गेलेला नाही.